कंपायलरवाल्या आजी

प्रोजेक्टच्या पहिल्या रिव्ह्यूची गोष्ट. आम्ही तिघं, तिघांत मिळून एक धड चालणारा लॅपटॉप आणि एक अँड्रॉइड ॲप. ॲप साधंच. होस्टेलच्या मेसमध्ये आज रात्री कोण जेवणार आणि कोण बाहेर हादडायला जाणार, हे संध्याकाळी पाचच्या आत मोबाईलवर सांगायचं. म्हणजे मेसवाल्या काकांना अंदाज येतो आणि उरलेला भात बादलीत जात नाही. डेमो झकास झाला. नोटिफिकेशन वेळेवर आलं, ग्राफ दिसला, ॲप एकदाही बंद पडलं नाही (जे आदल्या रात्री सात वेळा पडलं होतं). मग एक्स्टर्नल सरांनी कोड उघडायला लावला, वरून खालपर्यंत स्क्रोल केला आणि शांतपणे विचारलं की लॉगिन दुसऱ्याच्या लायब्ररीचं, ग्राफ तिसऱ्याच्या लायब्ररीचा, नोटिफिकेशन गूगलचं, अर्धे स्क्रीन अँड्रॉइड स्टुडिओने बनवून दिलेले, मग यात तुम्ही नक्की काय केलंत?

आम्ही तिघंही जमिनीकडे बघत उभे. खरंच, काय केलं होतं आम्ही?

कॅन्टीनमध्ये चहा पिताना पार्टनर म्हणाला की जाऊ दे, सगळे असंच करतात. पण मला ते लागलं होतं. दुसऱ्याने लिहिलेला कोड घेऊन त्यावर आपलं काम उभं करायचं ही लबाडी आहे की इंजिनिअरिंग? आणि ही पद्धत मुळात सुरू कोणी केली? त्या रात्री जर्नल पूर्ण करायचं सोडून हेच वाचत बसलो, आणि वाचता वाचता एका बाईंची ओळख झाली. नाव ग्रेस हॉपर. जन्म १९०६चा, म्हणजे माझ्या पणजीच्या वयाच्या. स्मार्टफोन त्यांनी कधी पाहिलाच नाही, त्या १९९२ साली गेल्या. पण ॲप बनवणाऱ्या कुठल्याही पोराच्या हातात आज जी हत्यारं असतात, कंपायलर, लायब्ररी, एकच कोड दोन वेगळ्या मशिनवर चालवायची सोय, त्यातल्या बऱ्याच हत्यारांच्या मुळाशी गेलं की या बाई भेटतात.

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील विम्याच्या धंद्यात. त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले होते, त्यामुळे मुलींनीही मुलांइतकंच शिकून स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष होता. आईचे वडील सिव्हिल इंजिनिअर. ते सर्व्हेला निघाले की नात सोबत जायची आणि लाल-पांढरा बांबू धरून उभी राहायची. फर्स्ट इयरला रेंजिंग रॉड धरून उन्हात उभे राहिलेल्या तमाम जनतेला हे चित्र लगेच डोळ्यासमोर येईल! सात वर्षांची असताना तिने घरातलं गजराचं घड्याळ आत काय असतं बघायला खोललं. परत जुळेना, म्हणून बघायला दुसरं खोललं, मग तिसरं. असं करत घरातली सातही घड्याळं खोलून झाली. आईने मार दिला नाही. यापुढे एकाच घड्याळाशी खेळायचं एवढंच ठरवून दिलं. आमच्या घरी मी मिक्सर खोलला होता तेव्हाचा प्रसंग वेगळा होता, तो असो.

अभ्यासात हुशार, पण लॅटिनमध्ये नापास. त्यामुळे व्हासार कॉलेजचा प्रवेश एक वर्ष लांबला. (वाय.डी. लागलेल्यांनी नोंद घ्यावी.) १९२८ साली गणित आणि फिजिक्स घेऊन पदवी, १९३० साली येल विद्यापीठातून एम.ए., त्याच वर्षी व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न, आणि १९३४ साली येलमधूनच गणितात पीएच.डी. त्या काळात बाईने गणितात पीएच.डी. करणं म्हणजे काय असेल याची कल्पनाच केलेली बरी. व्हासारमध्येच त्या शिकवायला लागल्या. आयुष्य रुळाला लागलं होतं. तसंच राहिलं असतं तर आज मी त्यांच्यावर लिहीत नसतो.

डिसेंबर १९४१मध्ये अमेरिका युद्धात उतरली. हॉपरबाईंनी नेव्हीत जायचं ठरवलं. नेव्हीने नकार दिला, कारण वय जास्त, वजन नियमापेक्षा १५ पौंड कमी, आणि गणिताच्या प्राध्यापिका म्हणून कॉलेजातच त्यांची जास्त गरज. बाई हटल्या नाहीत. वजनाची सूट मिळवली, कॉलेजातून रजा काढली आणि डिसेंबर १९४३मध्ये नेव्हीच्या राखीव दलात भरती झाल्या. वयाच्या ३७व्या वर्षी विशीतल्या मुलींबरोबर कवायत करून बॅचमध्ये पहिल्या आल्या. मग जुलै १९४४मध्ये त्यांना पाठवलं हार्वर्ड विद्यापीठात, एका तळघरात.

त्या तळघरात मार्क वन होता. हॉवर्ड आयकेन यांच्या कल्पनेतून आयबीएमने बांधलेलं हे मशीन ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि सुमारे ५ टन वजनाचं होतं. सेकंदाला तीन बेरजा करायचं. एका गुणाकाराला सहा सेकंद, भागाकाराला पंधरा. आत रिले, चाकं, शाफ्ट यांचा नुसता खडखडाट. प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेली कागदी पट्टी. एका ओळीला २४ जागा, कुठे भोक पाडायचं आणि कुठे नाही ते माणसाने ठरवायचं. चुकीचं भोक पडलं तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा. आज सॉफ्टवेअरचा पॅच म्हणतो ना आपण, तो तिथे खरोखरचा, गोंद लावलेला होता.

आयकेन साहेब कडक. बाई दारात उभ्या राहिल्या तशी त्यांनी इतका उशीर का झाला म्हणून विचारणा केली, मशीन दाखवलं आणि आर्कटॅनच्या इंटरपोलेशनचे कोइफिशंट काढून पुढच्या गुरुवारपर्यंत द्यायला सांगितले. मशीन कसं चालतं हे सांगणारं एक पानसुद्धा नव्हतं. रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल हे दोन तरुण आधीपासून तिथे होते, त्यांच्याकडून विचारून विचारून बाई शिकल्या. नंतर आयकेन यांनी मॅन्युअल लिहायचं कामही त्यांच्याच गळ्यात टाकलं. आपल्याला पुस्तक लिहिता येत नाही असं सांगून पाहिलं, पण नेव्हीत वरच्याला नाही म्हणायची सोय नसते. ५६१ पानांचं ते पुस्तक १९४६ साली निघालं. कुठलंही नवीन टूल हातात आलं की आपण आधी डॉक्युमेंटेशन शोधतो आणि नसेल तर शिव्या घालतो. इथे ज्यांना डॉक्युमेंटेशन मिळालं नाही, त्यांनीच ते लिहिलं.

मशीन चोवीस तास चालायचं. तोफांचे, रॉकेटचे, समुद्री सुरुंगांचे हिशोब व्हायचे. ऑगस्ट १९४४मध्ये जॉन फॉन नॉयमन एक अवघड समीकरण घेऊन आले, त्याचा प्रोग्रॅम मुख्यतः ब्लॉक यांनी केला. हे गणित नक्की कशासाठी आहे हे तिथल्या लोकांना सांगितलेलं नव्हतं. पुढे कळलं की ते अणुबॉम्बच्या आतल्या स्फोटाचं गणित होतं, नागासाकीवर पडलेला बॉम्ब त्याच पद्धतीचा. हे वाचल्यावर मी थोडा वेळ थांबलो. आपण लिहिलेला कोड कुठे जाऊन काय करेल याचा पत्ता लिहिणाऱ्याला नसतो, हे काही आजचं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या टीमकडे वह्या होत्या. साइन काढायचा पट्टीचा तुकडा एकदा नीट चालला की तो वहीत उतरवून ठेवायचा. दुसऱ्याला लागला की तो म्हणायचा वही दे, आणि बघून आपल्या प्रोग्रॅममध्ये लिहून घ्यायचा. म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या होस्टेलवर जे चालतं तेच, फक्त हार्वर्डमध्ये आणि युनिफॉर्ममध्ये! यात दोन भानगडी व्हायच्या. एक तर उतरवताना चुका. बी अक्षराचा १३ व्हायचा, चाराचा ए व्हायचा. दुसरं म्हणजे वहीतला तुकडा शून्य पत्त्यापासून सुरू झालेला, आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये तो मध्येच कुठेतरी बसवायचा, म्हणजे प्रत्येक पत्त्यात ठराविक आकडा मिळवत जायचा. ही बेरीज माणसं करायची आणि माणसं बेरजेत चुकतात. बाईंनी हे वर्षानुवर्षं पाहिलं. उतरवणं आणि बेरीज या दोनच गोष्टी तर मशीनला उत्तम जमतात, मग त्या माणसाने का करायच्या, हा विचार डोक्यात पक्का बसला. पण अजून वेळ यायची होती.

मधे तो किड्याचा किस्सा, जो सगळ्यांना माहीत असतो आणि सगळे थोडा चुकीचा सांगतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू हे पुढचं मशीन बिघडलं. शोधता शोधता एफ पॅनलच्या ७० नंबरच्या रिलेत अडकून मेलेला पतंग सापडला. तो लॉगबुकात चिकटपट्टीने चिकटवला, आणि ते पान आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. बग हा शब्द बाईंनी शोधला असं आपण वायव्हात ठोकून देतो. ते खरं नाही. एडिसनच्या काळापासून इंजिनिअर लोक यंत्रातल्या बारीक दोषाला बग म्हणत होते. गंमत हीच होती की बग बग म्हणता म्हणता एकदा खराखुरा सापडला. पतंग बाईंनी स्वतः काढला असंही नाही, पण त्यांनी ही गोष्ट इतक्या रंगवून आयुष्यभर सांगितली की ती त्यांचीच झाली.

युद्ध संपलं. नवऱ्याशी १९४५ साली घटस्फोट झाला होता. व्हासारची कायमची नोकरी परत घेता आली असती, पण त्यांनी ती सोडून मशीनजवळ राहणं पसंत केलं. हार्वर्डने मात्र ठराविक मुदतीच्याच नोकरीवर ठेवलं. बाईमाणसाला तिथे वर जागा नव्हती. १९४९ साली मुदत संपली. वय ४२, घर नाही, पक्की नोकरी नाही. रात्रंदिवसाच्या कामाच्या ताणात दारूची सवय लागली होती ती वाढत गेली, इतकी की मित्रांना मध्ये पडावं लागलं. चरित्रं लिहिताना आपण असली पानं गाळतो आणि माणूस पहिल्यापासून पुतळाच होता असं दाखवतो. मला तर हेच पान जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ज्या कामासाठी त्या ओळखल्या जातात ते सगळं यानंतरचं आहे.

१९४९ साली त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. एनियाक बनवणाऱ्या दोघांची ही कंपनी तेव्हा आर्थिक डबघाईला आली होती, पुढच्याच वर्षी ती रेमिंग्टन रँडने विकत घेतली. तिथे आधी बायनॅक आणि मग युनिव्हॅक. बायनॅकसाठी बाई ऑक्टलमध्ये विचार करायला शिकल्या, इतक्या की त्यांच्या चेकबुकाचा हिशोब जुळेना. शेवटी पैशाच्या व्यवहारात मुरलेल्या भावाने बसून शोधलं, तेव्हा कळलं की बाई मधूनच वजाबाकी आठाच्या पद्धतीने करतायत. डिजिटलच्या पेपरच्या आदल्या दिवशी रिक्षावाल्याला पैसे देताना माझंही असंच काहीसं होतं.

या कंपनीत बेटी होल्बर्टन नावाच्या बाई होत्या, एनियाकच्या पहिल्या प्रोग्रॅमरपैकी एक. १९५१ साली त्यांनी असा प्रोग्रॅम लिहिला, की डेटा कसा आहे ते त्याला सांगितलं तर सॉर्टिंगचा प्रोग्रॅम तो स्वतः तयार करून द्यायचा. प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅम! हॉपरबाईंनी आपल्या कामाचं श्रेय देताना याचा उल्लेख कायम केला. त्यांच्या डोक्यातल्या जुन्या वह्या आता बाहेर आल्या.

ऑक्टोबर १९५१ ते मे १९५२ या काळात त्यांनी ए-झिरो तयार केला. कल्पना अशी. सगळी सब-रुटीन्स एका चुंबकीय टेपवर ठेवायची, प्रत्येकाला एक नंबर द्यायचा. प्रोग्रॅमरने फक्त नंबर लिहायचे, अमुक नंबर, त्याला हा इनपुट, उत्तर इथे ठेव, मग तमुक नंबर. बाकी टेपवरून तुकडा शोधणं, जागेवर बसवणं, पत्त्यांत बेरीज करणं, सगळं मशीन करणार. शेवटी एक पूर्ण प्रोग्रॅम बाहेर. आता आमच्या ॲपची ग्रॅडलची फाईल उघडून बघा. त्यात एकेका ओळीत लायब्ररीचं नाव आणि व्हर्जन लिहिलेलं असतं. बिल्ड दाबलं की ग्रॅडल ती लायब्ररी शोधून आणतो आणि ॲपमध्ये बसवतो. टेपच्या जागी इंटरनेट आलं, मूळ खटाटोप तोच.

यातली एक अडचण त्यांनी कशी सोडवली ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. युनिव्हॅकची मेमरी फक्त १००० शब्दांची, एका शब्दात १२ अक्षरं. एवढ्यात कंपायलर एकाच फेरीत काम उरकणार. मागे उडी मारायची असेल तर सोपं, ती जागा कुठे आहे ते माहीत असतं. पण पुढे उडी मारायची असेल तर ती जागा अजून तयारच नाही! बाई कॉलेजात बास्केटबॉल खेळायच्या, आणि तेव्हाच्या मुलींच्या नियमांत बॉल घेऊन पळायची मुभा नव्हती. मग बॉल मधल्या कोणाकडे तरी टाकायचा, आपण पुढे पळायचं आणि तो परत घ्यायचा. तसंच त्यांनी मेमरीच्या शेवटी एक राखीव कोपरा ठेवला. पुढची उडी आली की तूर्त त्या कोपऱ्यात उडी मार म्हणून लिहायचं. पुढची जागा तयार झाली की कोपऱ्यातून तिकडे दुसरी उडी. सिस्टिम प्रोग्रॅमिंगच्या लेक्चरला फॉरवर्ड रेफरन्स हा शब्द ऐकून मी तीनदा जांभई दिली होती. बास्केटबॉल सांगितला असता तर तेव्हाच कळलं असतं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ए-झिरो हा आजच्या अर्थाने पूर्ण कंपायलर नव्हता. आज आपण त्याला लिंकर-लोडर म्हणू. त्याच सुमारास युरोपातही दोघा-तिघांचं असं काम चालू होतं, आणि फॉर्म्युला लिहा व वेगवान कोड मिळवा ही करामत खऱ्या अर्थाने आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या टीमने १९५७ साली फोरट्रानमध्ये करून दाखवली. पण कंपायलर हा शब्द या कामाला चिकटवला तो बाईंनी, आणि हे शक्य आहे असं गावभर सांगत फिरल्या त्याही बाईच. कोणी ऐकत नव्हतं. कॉम्प्युटर गणित करतो, प्रोग्रॅम लिहीत नाही, असं मोठमोठे लोक त्यांना ऐकवत होते. मुरलेल्या प्रोग्रॅमरांचा विरोध तर अजून कडवा. भोकं पाडायची विद्या ज्यांच्याकडे होती त्यांना आपला कोड मशीनपेक्षा चांगलाच असतो असं वाटायचं, शिवाय विद्येची मक्तेदारीही जाणार. मोबाईल ॲपच्या जगात ही भांडणं आजही चालतात. कोटलिन आली तेव्हा जावावाले कुरकुरले, आणि आता कोड सुचवणारी एआय टूल्स आली तर सगळेच कुरकुरतायत, मीसुद्धा.

पुढचा ए-टू १९५३ साली आला. तो कोडसकट ग्राहकांना दिला आणि सुधारणा केल्यात तर आम्हाला कळवा असं सांगितलं. ओपन सोर्स हा शब्द तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. मला हे वाचून एक्स्टर्नल सर आठवले. दुसऱ्याचा कोड वापरायला बाईंची ना नव्हतीच. उलट एकदा सुटलेला प्रश्न कोणीतरी पुन्हा हाताने सोडवत बसलंय, याचाच त्यांना राग होता. मात्र वहीतला प्रत्येक तुकडा आत काय करतो हे त्यांना माहीत होतं. आम्हाला आमच्या ग्राफच्या लायब्ररीबद्दल माहीत होतं का? छे.

यानंतर बाईंच्या डोक्यात आलं की गणितवाल्यांचं भागलं, पण पगारपत्रकं आणि गोदामाचा स्टॉक बघणाऱ्या लोकांचं काय? त्यांना चिन्हं नकोत, त्यांना साध्या इंग्रजी वाक्यांत प्रोग्रॅम लिहिता आला पाहिजे. कंपनीने हे होणार नाही म्हणून सांगितलं. तेव्हा त्यांनी छोटा नमुना करून दाखवला, आणि उत्साहाच्या भरात तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. मशीनला सगळं सारखंच, शब्दांची यादी फक्त बदलायची! साहेबलोक हादरले. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकन कॉम्प्युटरला फ्रेंच कसं काय कळेल? बाईंना पुढचे काही महिने फक्त इंग्रजीचंच बोलून त्यांची समजूत काढावी लागली. त्यांनी तेव्हा मराठीतही दाखवला असता तर काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. शब्दांची यादीच तर बदलायची होती.

त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा निघाली, १९५८च्या सुमारास ती ग्राहकांच्या हातात पडली. दरम्यान प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, भाषा वेगळी. मशीन बदललं की सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहा. अँड्रॉइडसाठी एकदा आणि आयफोनसाठी पुन्हा एकदा तेच ॲप लिहिणाऱ्यांना हे दुखणं समजेल. मे १९५९मध्ये पेंटॅगॉनमध्ये सरकारी खाती आणि कंपन्या यांची बैठक झाली, आणि सगळ्या मशिनना चालेल अशी एक भाषा करायची ठरली. ती कोबोल. बाईंना कोबोलची आई किंवा आजी म्हणतात. वास्तविक भाषा लिहिली एका समितीने, त्यात जीन सॅमेट यांच्यासारखी माणसं होती, आणि बाई सल्लागार होत्या. पण कोबोलचा सांगाडा बराचसा फ्लो-मॅटिकचा. डिसेंबर १९६०मध्ये जवळजवळ एकच कोबोल प्रोग्रॅम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक टू या दोन पूर्ण वेगळ्या मशिनवर चालला. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह वापरणाऱ्यांनी या दिवसाला वाढदिवस करायला हरकत नाही.

कोबोलची पुढे भरपूर टिंगल झाली. डाइकस्ट्रासारख्या मोठ्या माणसाने ही भाषा शिकवणं म्हणजे मुलांच्या मेंदूवर अत्याचार अशा अर्थाचं लिहून ठेवलंय. आहेच ती लांबलचक. पण बँका आणि विमा कंपन्या तिच्यावर चालल्या, अजूनही चालतात. जागा वाचवायला साल दोनच आकड्यांत लिहायची सवय तेव्हाची, आणि त्यातूनच २००० सालचा तो वाय-टू-केचा गोंधळ झाला. तो निस्तरायचं काम मोठ्या प्रमाणात आपल्या देशात आलं. आम्हाला शिकवणारे एक सर त्या काळात पुण्यात कोबोल शिकून रात्रपाळीत अमेरिकन बँकेच्या तारखा दुरुस्त करत होते, त्या पगारावर त्यांनी पहिली बाईक घेतली. म्हणजे या बाईंशी आपलं नातं वाटतं तितकं लांबचं नाही.

१९६६ साली वयोमानानुसार नेव्हीने त्यांना निवृत्त केलं. तो दिवस त्यांना फार जड गेला. पण सात-आठ महिन्यांतच, ऑगस्ट १९६७मध्ये, सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, कारण नेव्हीच्या वेगवेगळ्या मशिनवरचे कोबोल एकमेकांशी जुळत नव्हते. ते सहा महिने एकोणीस वर्षं चालले! त्यांनी काय केलं, तर परीक्षा तयार केल्या. म्हणजे प्रोग्रॅमचा एक संच, आणि कुठल्याही कंपनीचा कोबोल कंपायलर त्यातून पास झाला तरच घ्यायचा. आज एखाद्या फोन कंपनीला आपल्या फोनवर गूगलचं प्ले स्टोअर हवं असेल तर तो फोन चाचण्यांच्या अशाच एका संचातून पास व्हावा लागतो. म्हणून तर आमचं ॲप माझ्या स्वस्तातल्या फोनवरही चालतं आणि पार्टनरच्या महागातल्या फोनवरही.

या काळातल्या बाईंची भाषणं गाजली. सडपातळ, चष्मा, कडक युनिफॉर्म. ऑफिसमध्ये उलटं चालणारं घड्याळ लावलेलं, कारण नेहमी असंच करतो म्हणून तसंच करायचं, या वृत्तीची त्यांना चीड होती. भाषणाला येताना टेलिफोनच्या वायरचे ११.८ इंचाचे तुकडे घेऊन यायच्या आणि वाटायच्या. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेवढा जातो तेवढी ती लांबी. मायक्रोसेकंद दाखवायला ९८४ फुटांचं वेटोळं. सॅटेलाइटवरून निरोप यायला वेळ का लागतो असं अॅडमिरल लोकांनी विचारलं की त्यांच्या हातात एक तुकडा द्यायचा आणि सॅटेलाइटपर्यंत असे किती लागतील ते मोजायला सांगायचं. आमच्या ॲपचा सर्व्हर परदेशात आहे आणि स्क्रीन उघडायला वेळ लागतो म्हणून आम्ही नेटवाल्याला शिव्या घालायचो. नंतर लक्षात आलं की एका स्क्रीनसाठी आम्ही सर्व्हरला अकरा वेळा हाक मारत होतो. आता दोनदा मारतो. ही सुधारणा शंभर टक्के हॉपरबाईंच्या वायरमुळे झाली.

१९८३ साली राष्ट्राध्यक्षांच्या खास नेमणुकीने त्यांना कमोडोरचा हुद्दा मिळाला, १९८५ साली त्याच हुद्द्याचं नाव रिअर अॅडमिरल झालं. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनच्या बंदरात यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या जहाजावर त्यांचा निरोप समारंभ झाला. वय ७९, नौदलातल्या सेवेत असलेल्या सगळ्यात वयस्क अधिकारी. मग घरी बसतील तर त्या हॉपरबाई कसल्या. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या आणि शेवटपर्यंत तरुण पोरांपुढे बोलत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी झोपेतच गेल्या, आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत लष्करी इतमामात दफन झालं. पुढे त्यांच्या नावाची युद्धनौका निघाली. तिचा नंबर ७०, आणि पतंग सापडला तो रिलेही ७० नंबरचाच. योगायोग, दुसरं काय.

आमचं म्हणाल तर लॉगिन, ग्राफ, नोटिफिकेशन सगळं अजून दुसऱ्यांचंच आहे. ग्राफच्या लायब्ररीचा कोड मात्र तिघांनी मिळून तीन रात्री वाचला. त्यात एक चूक सापडली, मेसची संख्या शून्य असली की तो गोंधळतो. दुरुस्त करून मूळ लिहिणाऱ्यांना पाठवली आहे, अजून उत्तर नाही. माझ्या टेबलावर ३० सेंटिमीटरची वायर लटकतेय आणि मेसवाले काका विचारतात की याला मीटर कुठे जोडायचा. दुसरा रिव्ह्यू पुढच्या गुरुवारी आहे.